मोकळ्या कपाळाचं कव्हर

आमच्या घरात पुस्तक एकच होतं आणि तेही कुणी वाचलेलं नव्हतं. कादंबरी होती. आमच्याच पेठेतल्या एका मास्तरांनी लिहिलेली, पदरमोड करून गावातल्या छापखान्यात छापून घेतलेली. एका विधवा बाईची गोष्ट, एवढंच आम्हाला ठाऊक. वाचायची गरज पडली नाही, कारण ते पुस्तक घरात आलं होतं ते त्याच्यावरच्या सुट्या कव्हरासाठी. दोन्ही बाजूंनी आत दुमडलेल्या त्या कागदी कव्हरावरचं चित्र माझ्या भावानं काढलं होतं.

दादा पेंटर होता. टॉकीजवर लागायचे ते मोठाले बॅनर रंगवायचा. नव्वद-एक्याण्णवच्या त्या दिवसांत कोल्हापुरात फ्लेक्सबिक्स काही नव्हतं, सगळं हातानं. हिरोचं नाक माणसाच्या उंचीचं असायचं आणि दादा परांचीवर बसून त्या नाकाला सावली द्यायचा. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की जुना बॅनर खाली. त्याच कापडावर पांढरा हात मारायचा आणि वर नवे चेहरे काढायचे. मी एकदा म्हटलं, "एवढं राबून काढतोस आन स्वतःच पुसतोस, जीव तुटत न्हाय व्हय रे?" तर म्हणाला, "बये, कापड काय आभाळातनं पडतंय? पुढच्या शुक्रवारी काय तुझ्या परकरावर काढू?"

असा होता. त्यामुळं त्याच्या हातचं काही म्हणून टिकलं नाही. टिकलं ते हे एक कव्हर. मूळ चित्र छापखान्यानं परत दिलं नाही आणि यानं मागितलं नाही. मागायला याचा मान आडवा आला. पुढं तो छापखाना बंद पडला, मालकाच्या पोरांनी आतलं सगळं रद्दीत घातलं, त्यात तेही गेलं असणार. जळो ते सगळं.

कव्हरावरची बाई म्हणजे आमची आई. मॉडेल आणायला पैसे कुठले? दुपारी आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती, दादा म्हणाला, "हलू नको." ती हलली. "हलू नको म्हटलं की!" मग आईनं मान वाकडी करून, हातात तशीच जुडी धरून बसून दिलं. ऊन तिच्या एका गालावर होतं. पुस्तक छापून आलं तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. आईच होती हो. तेच जरा फेंदारलेलं नाक, तीच हनवटी, कानामागं खोचलेला पदर. आणि कपाळ मोकळं.

आईनं पुस्तक हातात घेतलं, बघितलं, आणि घर डोक्यावर घेतलं. "जित्त्या नवऱ्याच्या बाईला मोकळ्या कपाळाची काढलास? तुझा बाप बसलाय की तितं पान खात!" आप्पा, म्हणजे आमचे वडील, गुळाच्या अडतीवर कामाला होते, आणि मुळात गरीब स्वभाव. ते कोपऱ्यातनं म्हणाले, "अगं हाय की मी. बघ, हात हलतोय." दादा समजावत होता, "आई, ती गोष्टीतली बाई हाय. तू न्हाईस." त्यावर आई म्हणाली, "नाक माझं, हनवटी माझी, पदर माझा, आन कपाळ तेवढं गोष्टीतलं व्हय रे भाड्या?" आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण आदळून.

त्या वर्षीच्या दसऱ्याला तिनं यावर स्वतःच तोड काढली. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. आप्पांचा तराजू, दादाचे ब्रश, विळी, खलबत्ता, सगळं पाटावर मांडलेलं असतं आणि शेजारी पाटी-पुस्तक. आईनं ते पुस्तक उताणं ठेवलं, बोट ओलं केलं, आणि देवाला लावतात तसं कव्हरावरच्या बाईच्या कपाळाला पहिल्यांदा हळद आणि वर कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत. "आता बस गप," असं त्या बाईला म्हणाली. दादा पोट धरून हसला. म्हणाला, "माझ्या पेंटिंगला टच-अप मारती बघ म्हातारी." त्यानंतर दर दसऱ्याला हे होऊ लागलं. जुनं पुसायचं आणि नवं लावायचं. कागद तिथं फुगला, खरबरीत झाला. पाठीच्या घडीवर फाटला तेव्हा आप्पांनी सेलोटेप मारली.

मग दादा पडला. आषाढातला वारा होता, बॅनर वर चढवताना कापडात वारं भरलं आणि दोर त्याच्या हातातनं सुटायच्या ऐवजी तोच दोरासकट गेला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तो बॅनरसुद्धा दुसऱ्या पेंटरनं पुढच्या आठवड्यात पांढरा केला. मी मुद्दाम बघायला गेले होते. रस्त्यात उभी राहून बघत होते तर मागनं एकजण म्हणाला, "ओ बाई, तिकीट काढायचं नसंल तर सरका की बाजूला." सरकले.

आई त्या वर्षीही दसऱ्याला बसली. पोरगा जाऊन तीन महिने झालेले, सुतक फिटलेलं, पण सण करायचा नव्हता. तरी तिनं ते पुस्तक तेवढं काढलं आणि कपाळाला लावलं. मी म्हटलं, "आई, कशाला गं?" तर म्हणाली, "एक गेला. ह्यो तरी ऱ्हावूदे." आप्पा कॉटवर पाठ करून पडले होते. त्यांनी ऐकलं असणार.

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं राहिले. गेले ते आंघोळ करून खुर्चीत बसल्या बसल्या. गल्लीतल्या बायका आल्या, आईच्या बांगड्या वाढवल्या, कपाळ पुसलं. मी शाळेत शिक्षिका, चार बुकं शिकलेली, पोरींना सुधारणा शिकवणारी. त्या दिवशी तोंडातनं शब्द फुटला नाही माझ्या. आईच म्हणाली, "करूद्यात. तेंचं काम करूद्यात."

तो दसरा आला तसा गेला. आईनं पुस्तक काढलं नाही. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी माहेरी गेले, तर ती ते पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. अगदी डोळ्याला लावून बघत होती. काचबिंदू निघाला होता तिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून टिकवायची, तीही जाणारच. रंग तिला ओळखू यायचे, तेही जवळ धरलं तर.

"हे पूस," म्हणाली. "त्यानं काढली हुती तशी कर. मोकळी."

मी म्हटलं, राहूदे की आई, तू इतकी वर्षं लावलंयस.

"तेला दिसलं हुतं," आई म्हणाली. "मी कशी हुणार ते तेला तवाच दिसलं हुतं, आन मी येड्यागत वरनं थापत बसलो. मला एकदा बघूदे, त्यानं काय काढलंतं. नजर हाय तवर बघूदे."

बस्स. आमच्या आईनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

पहिला विचार आला तो दुसरी प्रत शोधायचा. कुणाच्या तरी घरात एखादी कोरी, डागाशिवायची असेल. मास्तर वारले होते, त्यांच्या घरी विचारलं तर सून म्हणाली, "ती रद्दी व्हय? दिली की मागंच." तीन वाचनालयं पालथी घातली. एका ठिकाणी पुस्तक सापडलं, पण हातात आलं ते लाल रेक्झिनचं ठोकळं. मी विचारलं, वरचं कव्हर कुठाय? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "कव्हर? ते आल्या दिवशीच काढून टाकतोय की आम्ही. बाइंडिंग करायचं तर ते कशाला?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अहो, चित्र असतं त्याच्यावर! माणूस मेलेलं असतं ते काढणारं!" बाईंनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पुस्तक न्यायचं असलं तर कार्ड काढा." शिवी आली होती तोंडात, गिळली.

बाइंडरकडं गेले. त्यानं कव्हर उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "बाई, ह्येला हात लावला तर ह्ये हातात येतंय. लॅमिनेशन मारून देतो, मग आंघोळ घाला तुम्ही ह्येला." मी तिथनं पळाले.

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी कुरुंदवाडच्या एका काकांचं सांगितलं. जुन्या सनदा, वतनाचे कागद दुरुस्त करण्याचीच त्यांची जन्मभराची नोकरी होती, आता निवृत्त होऊन घरीच माडीवर थोडंफार करायचे. एस.टी.नं गेले. काका भले माणूस. कव्हर हातात घेताना त्यांनी हात धुऊन पुसून घेतले, तेवढ्यानंच मला रडू आलं. त्यांनी सगळं विचारलं. मी म्हटलं, आईनं दर दसऱ्याला कुंकू लावलंय, ते काढायचंय. कुंकू म्हटलं मी. हळद म्हटलं नाही. कोण म्हणतं? आपल्यात कुंकू लावलं म्हटलं की हळद आधी लावलेलीच असते, ती काय वेगळी सांगतात? आणि सगळा कागदच इतका पिवळा पडलेला की हळदीचं पिवळं त्यात निराळं दिसतच नव्हतं. काकांनीही विचारलं नाही. त्यांच्या घरातही रोज हळद-कुंकू लागतच असणार देवाला.

तीन-चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी मी तिथंच बसून बघायची. त्यांनी खोडरबर किसून त्याचा भुगा कव्हरावर पसरला आणि बोटानं हलकं हलकं फिरवला, तसं वर्षानुवर्षांचं सुकं कुंकू सुटून भुग्याला लागलं. कपाळ गुलाबीसर झालं. मग आप्पांची सेलोटेप काढली. तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरला होता, तो काढायला अख्खी दुपार गेली. मला उगीच आप्पांचा कळवळा आला. त्यांना वाटलं होतं, आपण जपतोय. आम्ही सगळेच त्याला जपत होतो, आणि जपून जपून वाट लावत होतो.

काका म्हणाले, "ताई, कागदात आंबटपणा धरलाय. असाच ठेवला तर पापडासारखा मोडंल. ह्येला चुन्याच्या निवळीत घालूया. आंबट मरंल, कागद धुऊन निघंल, उरलेलं गुलाबीही उतरंल. मग मागनं तलम कागद डकवतो." कोपऱ्यावर थेंब टाकून शाई फुटत नाही ना तेही बघितलं. शाई फुटली नाही. छपाई पक्की होती. मला इतका आनंद झाला. वाटलं, आता आईला दाखवायचं, दोन-चार दिवसांत.

त्यांनी चुना विरघळवून रात्रभर ठेवलेला होता, वरचं नितळ पाणी पसरट ट्रेमध्ये ओतलं. कव्हर जाळीवर ठेवलं आणि जाळी अलगद आत सोडली. पाणी कागदावर चढलं. आईची हनवटी भिजली, मग नाक भिजलं, आणि पाणी कपाळाला लागल्याबरोबर तिथं लाल फुटलं.

लालभडक. टिकलीएवढं नाही, दर दसऱ्याला हळदीचं पाणी जिथवर ओघळलं होतं तिथवर. कपाळ सगळं, एक भुवई, नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळ.

हळदीत चुना घातला की लाल होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाय मुरगळला की हळद-चुनाच थापतो ना आपण? नव्या नवरीवरनं ओवाळून टाकायचं लाल पाणी कशाचं असतं? जन्मभर ज्या हातांनी ते केलं ते हात मांडीवर ठेवून मी बसले होते. "हळद!" एवढंच ओरडले मी. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी जाळी वर घेतली. लिंबाचा थेंब कापसावर घेऊन कडेला लावून बघितला. लाल उतरलं, पण भिजून लोण्यागत झालेला कागदही कापसाबरोबर उचलून यायला लागला. काका थांबले. म्हणाले, "ह्याच्या पुढं हात लावला तर चेहराच जाईल."

मी म्हटलं, वाळवा.

काकांनी मागनं तलम कागद डकवला, टीपकागदात घालून वजनाखाली ठेवला. फाटलेली घड जुळली, कडा सरळ झाल्या. काम इतकं सुंदर झालं होतं की बोलायची सोय नाही. गालावरचं ते दुपारचं ऊन पुन्हा उजळ दिसत होतं, ते मी विसरूनच गेले होते. आणि वर रक्तासारखं कपाळ. पैसे काही केल्या घेईनात. जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "ताई, आईंना माझ्यातर्फे सांगा." काय सांगू, ते त्यांनी सांगितलं नाही.

एस.टी.त पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. नदीच्या पुलावर वाटलं, टाकावं खिडकीतनं. आईला म्हणावं, हरवलं. पण तिनं नजर राखून ठेवली होती त्याच्यासाठी. थेंब चुकवायची नाही, उन्हात जायची नाही. दर वेळी विचारायची, झालं का गं? हरवलं म्हणायला जीभ रेटली नाही.

ती दारात खुर्ची टाकून बसली होती, उजेडात. उंबऱ्यालाच, जिथं त्यानं बसवली होती तिथं. तोंड धुऊन, केस चापूनचोपून. मला म्हणाली, "आणलंस?"

दिलं.

तिनं हातांनी कव्हर चाचपलं. घड चाचपली. "गुळगुळीत केलंय की," म्हणाली. मग डोळ्याशी नेलं.

"लावलंस व्हय गं पुन्हा?" आई म्हणाली.

"न्हाय आई. तुझंच हाय ते. आतलं. ते निघंना."

"माझंच?"

"तुझंच."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, लई बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली. आणि मग, लेकराच्या तोंडाचं खरकटं पुसावं तसं, पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि कव्हरावरच्या बाईच्या कपाळावरनं फिरवलं. "आई, नको!" म्हणेपर्यंत तिनं दुसऱ्यांदा घासलं. धुवून हलका झालेला कागद, तो काय टिकणार? वळकटी होऊन पदराला लागला. कपाळ गेलं, भुवई गेली, नाकाचा शेंडा गेला. मागचा पांढरा तलम कागद तेवढा राहिला.

तिनं पुन्हा डोळ्याशी नेलं. इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. तिला लाल दिसेना. तिच्या तोंडावर हसू आलं, दादा गेल्यापासनं बघितलं नव्हतं तसलं.

"निघालं की गं," म्हणाली. "मोकळं झालं. अशीच काढलीती न्हवं त्यानं?"

तिच्या पदराला चिकटलेली कागदाची ती ओली लाल गोळी मी काढून घेतली. त्याच्या हातचं जेवढं जगात उरलं होतं त्यातला अर्धा चेहरा आता एवढाच होता, माझ्या दोन बोटांत.

"व्हय आई," म्हटलं. "अशीच काढलीती."